महारुद्रचा ड्रोन आणि चैत्रातला वारा

महारुद्रनं सारी उमर एस.टी.च्या स्टेअरिंगवर काढली. गंगाखेड आगाराच्या गाड्या घेऊन तो परभणी, पालम, पूर्णा अशा सगळ्या रस्त्यांवर फिरला, पण त्याच्या चाकाखाली कुणाची कोंबडीसुद्धा आली नाही. गाडी मागं घेताना कंडक्टरनं शिटी वाजवली तरी हा एकदा खाली उतरून स्वतःच्या डोळ्यांनी बघून यायचा. प्रवासी कावायचे. "ड्रायव्हरसाहेब, आज पोचायचं का उद्या?" असं कुणी म्हणालं की तो आरशात बघून हसायचा. "पोचायचं हाय ना? मंग बसा."

असा माणूस निवृत्त झाल्यावर ड्रोन उडवील, असं कुणाच्या मनातही आलं नसतं. पण गंगाखेडच्या एका लग्नात फोटोग्राफरनं मांडवावर ड्रोन सोडला आणि महारुद्र पानावरची बुंदी तशीच टाकून उठला. फोटोग्राफरच्या मागं उभा राहून त्यानं त्याच्या हातातल्या पडद्यावर सगळं गाव वरून पाहिलं. आयुष्यभर ज्या रस्त्यांनी गाडी नेली, ते रस्ते वरून असे दिसतात हे त्याला माहीतच नव्हतं. पुढं महिनाभर दुसरा विषय नाही. शेवटी त्यानं एक लहानसा ड्रोन आणलाच.

"या वयात लेकरावानी इमान उडवायलात व्हय?" त्याची बायको कडूबाई म्हणाली. "लोकं हसतील की."

"हसू दे. आजवर मी लोकांला फिरवलं, आता जरा मी फिरतो."

पहिल्याच आठवड्यात ड्रोन उसात गेला. त्या दिवशी वारा होता आणि महारुद्रनं वाऱ्याबरोबरच त्याला लांब सोडून दिलं होतं. जाताना कसा भुर्रकन गेला! परत फिरवला तर समोरून वारा, ड्रोन जागचा हलेना, आणि हलेहलेपर्यंत बॅटरी संपली. नवराबायको संध्याकाळपर्यंत उसात शोधत होते. पाचटानं दोघांचे हात चिरले. ड्रोन सापडला तेव्हा कडूबाईनं तो पदरानं पुसला आणि नवऱ्याच्या हातात असा ठेवला, की महारुद्रला शिव्या परवडल्या असत्या.

तेव्हापासून तो वाऱ्याचा विद्यार्थी झाला. आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे येताना वारा पाठीशी राहतो आणि थकलेल्या बॅटरीवरही घर गाठता येतं, हे त्यानं पक्कं केलं. अंगणात पान हलत नाही म्हणून वरही शांत असेल असं धरायचं नाही. आधी लिंबाचे, नारळाचे शेंडे बघायचे. ड्रोनला घरी बोलवायचं एक बटण असतं. ते दाबलं की तो सरळ येत नाही, आधी उंच चढतो, आणि वारा उंचावरच जास्त. म्हणून वाऱ्याच्या वेळी त्या बटणाच्या भरवशावर राहायचं नाही, ड्रोन खाली घेऊन आपल्या हातानं आणायचा. अर्धी बॅटरी राहिली की माघारी. पडद्यावर वाऱ्याचा इशारा आला की हट्ट सोडायचा. मोठ्या झाडामागं, टाकीमागं, घरामागं वारा भोवऱ्यासारखा फिरतो, तिथं तर जायचंच नाही. हे शेवटचं त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. गोदावरीच्या पुलावर समोरून आलेला भरला ट्रक बाजूनं गेला की रिकाम्या गाडीला वाऱ्याची कशी चापट बसते, हे त्याच्या हातांना ठाऊक होतं.

त्याच्या या शाळेत दुसरी विद्यार्थिनी एकच होती, राजनंदिनी. ती त्याच्या थोरल्या भावाची, बन्सीधरची मुलगी. बन्सीधर ताडकळसला शेती करायचा. महारुद्र-कडूबाईला मूलबाळ नव्हतं, आणि राजनंदिनी कॉलेजसाठी गंगाखेडला आली ती त्यांच्याच घरी राहिली. सकाळी अंगणात येऊन ती विचारायची, "काका, आज उडवायचं का?"

महारुद्र मान वर करायचा. शेजारच्या नारळाच्या झावळ्या एका बाजूला वळलेल्या दिसल्या की म्हणायचा, "आज न्हाई, बाई."

"थोडंसं?"

"थोडंसं बी न्हाई."

ती गाल फुगवून आत जायची, पण पुन्हा विचारायची नाही. काकानं नाही म्हटलं म्हणजे नाही, हे तिनं पावसापाण्यासारखं मान्य करून टाकलं होतं. ज्या दिवशी हो म्हणायचा त्या दिवशी दोघं नदीकाठी जायचे. ड्रोन वर गेला की ती पडद्यावर डोकं खुपसायची आणि पात्रात डुंबणाऱ्या म्हशी मोजत बसायची.

कॉलेज संपलं आणि स्थळं यायला लागली. पोखर्णीचं एक स्थळ सगळ्यांना आवडलं. परमेश्वर नावाचा मुलगा, परभणीत बी-बियाण्यांचं दुकान, वडील सटवाजी गावात मान असलेले, आई पार्वतीबाई बोलायला मोकळी. मुलगा-मुलगी दोनदा भेटले, फोनवर बोलले. राजनंदिनी एकदा काकाजवळ येऊन उगाच ड्रोनची पिशवी उघडत, बंद करत बसली.

"काय गं?"

"काका, मला पसंत हाय. आबांला तुमीच सांगा. मला लाज वाटती."

महारुद्र त्याच दिवशी ताडकळसला गेला. बन्सीधर ऐकून खुलला. साखरपुडा चैत्रात, ताडकळसलाच, घरासमोरच्या अंगणात करायचं ठरलं.

त्या दिवशी सकाळपासून हवा कोंडलेली होती. जेवणं उरकली आणि दुपार कलायला लागली, तसं वारं सुटलं. मांडवाचं कापड फडफडायला लागलं, पत्रावळ्या उडून गोठ्यापर्यंत गेल्या. मुलीच्या ओटीत साखरेचा पुडा पडला, कुंकू लागलं, फोटो झाले. मग बन्सीधर पाहुण्यांच्या मधे उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "आता आमचा भाऊ वरून शूटिंग काढणार हाय. समद्यांनी मांडवाच्या भाईर येऊन उभं रहा."

महारुद्रला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं ड्रोन आणला होता तो सकाळीच, वारं सुटायच्या आधी जमलं तर उडवायचा म्हणून. त्यानं घरामागं पाहिलं. घरामागं पार होता आणि पारावर जुना पिंपळ. पिंपळाचा शेंडा पिळवटल्यासारखा हलत होता. वरच्या फांद्यांना दरवर्षीसारखी आग्या मोहळाची पोळी लटकत होती. माणसं रोज खालून जायची-यायची, मोहळानं कधी कुणाला काही केलं नव्हतं.

तो भावाच्या कानाशी गेला. "दादा, वारं लय हाय. आज नको."

"आरं, मी पाव्हण्यांला सांगून बसलोय."

"मंग मी सांगतो न्हाई म्हणून."

"माझी फजिती करायलास का चार मान्सांत?"

हे सटवाजींना ऐकू गेलं असावं. ते हसून म्हणाले, "राहू द्या हो इवाय. वारं सुटलंय. फोटो झालेत की."

इथंच सगळं मिटलं असतं. सोयऱ्यांनी स्वतः सोडवलं होतं. पण मागून कुणीतरी हसत बोललं, "ड्रायव्हरसाहेब भ्यालेत वाटतं!" आणि पाठोपाठ दहा-वीस माणसं हसली. चांगल्या मनानं हसली. कार्याच्या घरी माणसं हसतातच. महारुद्रनं आयुष्यभर असं हसणं आरशात बघून सोडून दिलं होतं. त्या दिवशी का सोडता आलं नाही, हे त्याला पुढं कधी सांगता आलं नाही. समोर राजनंदिनी हिरव्या शालूत उभी होती, शेजारी परमेश्वर, आणि दोघं त्याच्याकडंच बघत होते. एवढं मात्र खरं, की आपण काय करतो ते या सगळ्यांना एकदा दिसावं असं त्याला आतून वाटलं.

"एकच चक्कर मारतो," तो म्हणाला.

ड्रोन वर गेला. टाळ्या पडल्या. महारुद्रनं तो वाऱ्याच्या तोंडावर न्यायला हवा होता, पण त्या अंगाला पत्र्याची गोदामं होती. सुंदर दिसायचं ते दुसऱ्या अंगाला, पिंपळापलीकडं, हिरव्या भुईमुगाच्या वावरांवरून. त्यानं तिकडंच सोडला. वाऱ्यानं ड्रोन असा पळवला की लोक "अगं आई" म्हणाले. मांडव, त्याभोवती रंगीबेरंगी माणसं, मागं सगळं ताडकळस, पडद्यावर सुरेख दिसत होतं. पार्वतीबाई पुढं येऊन पडद्यात बघायला लागल्या. "ती मीच का हो? पिवळ्या लुगड्यातली?"

"तुमीच, इहीनबाई."

तेवढ्यात पडद्यावर लाल अक्षरांत वाऱ्याचा इशारा आला. महारुद्रनं ड्रोन वळवला. तो हलेना. नाक खाली घालून जोर लावत होता आणि जागच्या जागी थरथरत होता. बॅटरी डोळ्यांदेखत उतरायला लागली. चार माणसांसमोर ड्रोन पडणार, या एकाच विचारानं महारुद्रची अक्कल बंद झाली, आणि जे बटण वाऱ्यात दाबायचं नाही म्हणून तो राजनंदिनीला बजावायचा, तेच त्यानं दाबलं. ड्रोन चढत गेला. वरच्या वाऱ्यानं तो आणखी मागं रेटला.

तेव्हा त्याला भान आलं. त्यानं बटण पुन्हा दाबून ते बोलावणं थांबवलं, ड्रोन खाली उतरवला, वावराच्या अंगानं हळूहळू पुढं ओढत आणला. खाली वारा कमी होता. येत होता, येत होता. आता पिंपळाला वळसा घालून आणायचा की झालं. पण लांबचा वळसा घ्यायला बॅटरी पुरणार नव्हती. त्यानं झाडाच्या जवळून काढायचं ठरवलं.

पिंपळाच्या आडोशाला ड्रोन आला, आणि वाऱ्यानं त्याला गिरकी दिली. महारुद्रचे दोन्ही अंगठे एका बाजूला दाबलेले आणि ड्रोन दुसऱ्या बाजूला. फांदीत गेल्याचा आवाज खाली अंगणापर्यंत आला. कुणीतरी हसलं. मग पिंपळातून एक काळा पदर सुटावा तसं काहीतरी सुटलं, आणि ज्यांना कळलं ते ओरडले, "मोहळ उठलं! पळा!"

पुढं जे झालं ते अंगणातल्या प्रत्येकाला वेगवेगळं आठवतं. खुर्च्या पडल्या, माणसं माणसांवर पडली. घरातली माणसं घराकडं धावली, कारण त्यांना दार ठाऊक होतं. पाहुण्यांतले काही गाड्यांत शिरले, परमेश्वरबरोबर राजनंदिनीही, काही गोठ्यात. पार्वतीबाई महारुद्रच्या शेजारीच उभ्या होत्या. त्या धावत दारापर्यंत गेल्या आणि दार लागलं. त्यांनी दोन्ही हातांनी दार बडवलं. "उघडा वो! मी हाय, उघडा!"

दाराशेजारच्या खिडकीत बन्सीधर उभा होता. त्याचा एक हात दाराच्या कडीवर होता. त्याच्या पाठीमागं बायका-लेकरं रडत होती. महारुद्र अंगणातून ओरडला, "दादा, दार!" बन्सीधरनं त्याच्याकडं पाहिलं. दोघांची नजर एक झाली. मग बन्सीधरनं खिडकीही ओढून घेतली.

महारुद्रनं मांडवातली सतरंजी उचलली, पार्वतीबाईंवर टाकली आणि स्वतः वरून आडवा पडला. मग त्याला मानेवर, डोक्यावर, हातांवर नुसती आग कळत राहिली.

कुणीतरी ओल्या गोवऱ्या पेटवून धूर केला. माश्या हटल्या तेव्हा पार्वतीबाईंचा चेहरा ओळखू येत नव्हता आणि श्वास घरघरत होता. त्यांना गाडीत घालून परभणीला नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर हातची गेली असती. महारुद्रलाही शेजारच्या खोलीत ठेवलं होतं. सुजलेल्या डोळ्यांतून त्याला फक्त छताचा पंखा दिसायचा. कडूबाई जवळ बसून होती. तिनं एकदाही विचारलं नाही, की एवढं ठाऊक असून का उडवलंत.

पार्वतीबाई वाचल्या. त्या घरी गेल्यावर काही दिवसांनी सटवाजी एकटेच ताडकळसला आले. महारुद्रही तिथं होता. सटवाजींनी चहा घेतला नाही.

"मोहळ उठलं त्येचा मला राग न्हाई," ते म्हणाले. "मान्साच्या हातून व्हतं. पण माझी मालकीन दार बडवायली व्हती. आतून कुणी उघडलं न्हाई. ती म्हणती, त्या घरात माझं पाऊल पुन्यांदा पडणार न्हाई. मी तिला काय म्हणू, सांगा."

बन्सीधर जमिनीकडं बघत होता. मग एकदम म्हणाला, "त्या गोंधळात कुणी दार लावलं, कुणाला ठावं! समदं ह्याच्या इमानामुळं झालं. ह्येनं न्हाई म्हणायला पायजे व्हतं."

महारुद्रनं भावाकडं पाहिलं. सांगायला तोंडात शब्द होते. आतल्या खोलीच्या दारामागं राजनंदिनीच्या बांगड्या वाजल्या. तिचा बाप तिच्यासमोर उघडा पडेल, आणि मोडलेलं तर काही जुळणार नाही, असा हिशेब त्याच्या मनानं केला. तो एवढंच म्हणाला, "चूक माझीच हाय, इवाय. मुलीकडं बगा."

सटवाजींनी हात जोडले. "पोर सोन्यावानी हाय. आमचंच नशीब न्हाई." आणि ते गेले.

परमेश्वरचे फोन आठ-पंधरा दिवस येत राहिले. मग आईच्या पुढं त्याचंही काही चाललं नसावं. फोन थांबले.

त्यानंतर राजनंदिनी गंगाखेडला आली, तिचे कपडे, पुस्तकं न्यायला. सामान बांधून झाल्यावर ती अंगणात महारुद्रजवळ उभी राहिली. रडली नाही. म्हणाली, "काका, तुमी न्हाई म्हणायचं होतं की. मला तर किती बारी न्हाई म्हणलात."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तिला खरंच कळत नव्हतं आणि ती विचारत होती.

फांदीत अडकलेला ड्रोन पुढं वाऱ्यानंच खाली पडला. कुणीतरी तो आणून दिला, पण महारुद्रनं पुन्हा हात लावला नाही. बन्सीधर त्याच्याशी बोलायचा बंद झाला. ताडकळसच्या बाजारात समोर आला तर रस्ता बदलायचा. गावाला वाटायचं, लेकीचं मोडलं म्हणून थोरला धाकट्यावर राग धरून आहे. महारुद्रला वेगळंच वाटायचं. त्या खिडकीत आपण त्याला पाहिलं, हे दादाला सहन होत नाही. आपण नसतो तर त्याला विसरता आलं असतं. असं वाटलं की त्याला भावाची दया यायची, आणि लगेच मनात यायचं, की त्याला त्या खिडकीत उभं तरी कुणी केलं?

राजनंदिनीनं परभणीत एका पतसंस्थेत नोकरी धरली. दोन-तीन वर्षं तिनं लग्नाचं नाव काढू दिलं नाही. मग लातूरकडचं एक स्थळ आलं आणि ती हो म्हणाली. कडूबाईला तिनं फोनवर सांगितलं, "बरा हाय काकू." पूर्वीचं 'पसंत हाय' आणि आताचं 'बरा हाय' यातलं अंतर महारुद्रला दिवसभर टोचत राहिलं.

पत्रिका द्यायला बन्सीधर स्वतः आला. बसला नाही. कडूबाईनं दिलेलं पाणी उभ्यानं प्याला आणि म्हणाला, "या." कुणाला म्हणाला ते कळलं नाही, पण दोघं गेले.

लग्न परभणीच्या एका मंगल कार्यालयात होतं. महारुद्र मागच्या रांगेत बसला होता. अक्षता पडल्या, जेवणं सुरू झाली, आणि बाहेर फोटोग्राफरनं ड्रोन काढलेला त्याला दिसला. तो बाहेर आला. कार्यालयाच्या भिंतीच्या आत काही कळत नव्हतं, पण रस्त्यापलीकडचे निलगिरीचे शेंडे वाकत होते.

"आज उडवू नका," तो म्हणाला.

"काका, काय होत न्हाई. रोजचं काम हाय आमचं."

"खाली मान्सं हायत. वर लय वारं हाय. ते शेंडे बगा."

"व्हिडिओचं ठरलंय आमचं, काका. पार्टी नाराज होईल."

मागून आवाज आला, "त्ये न्हाई म्हणायलेत ना? मंग ठिवा ते आत."

बन्सीधर होता. फोटोग्राफरनं खांदे उडवले आणि ड्रोन पेटीत ठेवला. दोघं भाऊ तसेच उभे राहिले. इतक्या वर्षांत इतक्या जवळ ते कधी उभे राहिले नव्हते.

वरात गेली. राजनंदिनी जाताना काकाच्या पाया पडली, तिनं त्याचा हात थोडा जास्त वेळ धरून ठेवला, आणि गाडीत बसली. कार्यालय रिकामं व्हायला लागलं. आचाऱ्याची माणसं भांडी घासत होती. बन्सीधर येऊन महारुद्रच्या शेजारच्या खुर्चीत बसला. डोक्याचा फेटा काढून मांडीवर ठेवला. बराच वेळ त्याच्या पदराशी बोटं चाळवत राहिला.

"म्हारुद्रा."

"हं."

"त्या दिवशी... दाराला..."

त्याचा आवाज असा फुटला की महारुद्रला ऐकवेना. थोरला भाऊ. लहानपणी तापात आपल्याला खांद्यावर घेऊन दवाखान्यात नेणारा. लेक सासरी धाडल्याच्या दिवशी त्याला हे बोलायला लावायचं?

"राहू दे दादा," त्यानं भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "झालं गेलं. राहू दे."

बन्सीधरनं मान हलवली. तोंड मिटलं. थोड्या वेळानं उठून आचाऱ्याकडं गेला.

आता ते बोलतात. बन्सीधर गंगाखेडला आला की चहाला थांबतो. सोयाबीनचं बोलतात, पावसाचं बोलतात, राजनंदिनीच्या मुलीचं बोलतात. पण ते वाक्य बन्सीधरनं पुन्हा कधी सुरू केलं नाही. चहा पिऊन तो उठतो, चपला घालायला वाकतो, आणि उगाच थोडा जास्त वेळ वाकून राहतो. महारुद्र दारात उभा राहून वाट बघतो. आज बोलला तर मधे एक शब्द बोलायचा नाही, असं तो दर खेपेला ठरवतो. बन्सीधर सरळ होतो, "येतो रं," म्हणतो, आणि स्टँडच्या रस्त्याला लागतो.